जंगलाच्या ध्वनिमुद्रणावर लेबले कशी लावावीत: ऑडॅसिटी आणि बर्डनेटच्या साहाय्याने पहिला संच

सह्याद्रीतील एखाद्या झाडाला बांधलेले ध्वनिमुद्रण यंत्र महिनाभर चालू ठेवले, तर हाती येणाऱ्या सगळ्या फायली बसून ऐकणे एकट्यादुकट्याच्या आवाक्यातले राहत नाही. ४८ किलोहर्ट्‌झ दराने आणि १६ बिटमध्ये मोनो ध्वनिमुद्रण केल्यास एका तासाची वेव्ह फाइल सुमारे ३४५ मेगाबाइटची होते. रोज पहाटेचे तीनच तास धरले, तरी महिन्याला ९० तास आणि जवळपास ३१ गिगाबाइट साठतात. हे तास मशीन लर्निंगच्या मॉडेलकडून, म्हणजे उदाहरणांवरून आवाज ओळखायला शिकणाऱ्या संगणकीय प्रणालीकडून, ऐकून घ्यायचे असतील, तर आधी त्यातील काही मिनिटे माणसाने ऐकून ‘या सेकंदापासून त्या सेकंदापर्यंत कुटुरगा आहे’, ‘येथे नुसतेच रातकिडे आहेत’ असे दाखवून द्यावे लागते. हे दाखवून देणे म्हणजेच लेबलिंग. त्यासाठी लागणारे सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते आणि साधा लॅपटॉपही पुरतो. पक्षी ओळखता येणे उपयोगी आहे, पण लेबल केलेल्या तुकड्यांच्या पहिल्या संचासाठी चार-पाच आवाज खात्रीने ओळखता आले तरी काम सुरू करता येते.

तयार ध्वनिमुद्रणे महाजालावर असताना हा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न नवख्याला पडणे स्वाभाविक आहे. २००५ साली सुरू झालेल्या झेनो-कँटो या संकेतस्थळावर जगभरातील पक्ष्यांचे आवाज ठेवलेले आहेत, आणि भारतातील आवाजही त्यात आहेत. परंतु ते बहुतांशी कोणीतरी पक्ष्याकडे मायक्रोफोन रोखून टिपलेले असतात. झाडाला बांधलेल्या यंत्राला ऐकू येणारा पक्षी दूर असतो, पानांआड असतो, आणि त्याच्यावर किड्यांचा, ओढ्याचा व दुसऱ्या पक्ष्यांचा आवाज चढलेला असतो. ध्वनिमुद्रणातून पक्षी ओळखणाऱ्या मॉडेलांच्या बर्डक्लेफ या स्पर्धेत २०२४ साली हीच अडचण होती. त्या वर्षीचा विषय पश्चिम घाट हा होता आणि मॉडेलला १८२ प्रजाती ओळखायच्या होत्या. शिकवणीसाठी दिलेले आवाज प्रामुख्याने झेनो-कँटोवरचे होते, तर परीक्षा जंगलात ठेवलेल्या यंत्रांच्या ध्वनिमुद्रणावर होती. आपल्या जागेवरची, आपल्याच यंत्राची थोडी लेबले हाताशी असली, की ही दरी बरीच कमी होते.

कामाला बसण्यापूर्वी

मूळ फायली एका फोल्डरमध्ये ठेवून त्याची एक प्रत दुसऱ्या हार्ड डिस्कवर ठेवावी, आणि मूळ फायलींवर कोणतीही प्रक्रिया करू नये. गोंगाट कमी करणारे किंवा आवाज एकसारखा करणारे फिल्टर वापरण्याचा मोह नवख्यांना हमखास होतो. ऐकताना आवाज वाढवावा, चांगले हेडफोन लावावेत (लॅपटॉपच्या स्पीकरवर घुबडांचे खालच्या पट्टीतले आवाज नीट कळत नाहीत). पण मॉडेलला शिकवण्यासाठी द्यायचा आवाज होता तसाच ठेवावा, कारण पुढे त्याला जंगलातील न धुतलेलाच आवाज ऐकायचा आहे.

वेळेचाही उलगडा आधीच करून घ्यावा. ऑडिओमॉथ हे लहानसे यंत्र अभ्यासकांमध्ये बरेच वापरले जाते. ते फाइलच्या नावातच तारीख आणि वेळ लिहिते, परंतु यंत्राच्या सेटिंगमध्ये वेगळे सांगितले नसल्यास ती वेळ जागतिक प्रमाणवेळ असते. भारतीय वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे आहे, त्यामुळे २०२४०६१५_००३००० या नावाची फाइल १५ जूनच्या सकाळी ६ वाजताची असते, आणि २०२४०६१५_२३४५०० ही फाइल १५ नव्हे, तर १६ जूनच्या पहाटे सव्वापाचची असते. हे लक्षात आले नाही, तर पहाटेचे निम्मे पक्षी आदल्या दिवसाच्या खात्यात जमा होतात.

अभयारण्यात किंवा राखीव वनात यंत्र लावायचे असल्यास वन विभागाची परवानगी घ्यावी लागते. पायवाटेजवळच्या यंत्रात गावकऱ्यांचे बोलणेही येते; अशा भागांना ‘माणसाचा आवाज’ असे लेबल लावून ते संचातून वगळावेत, आणि कोणालाही ऐकवू नयेत.

कोणते सॉफ्टवेअर घ्यावे

सुरुवात ऑडॅसिटीपासून करावी. ते विनामूल्य आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालते, आणि त्याची लेबले साध्या मजकुराच्या फाइलमध्ये बाहेर काढता येतात. कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेचे रेव्हन लाइट हेही विनामूल्य असून, स्पेक्ट्रोग्रामवर (आवाजाच्या वेळ-वारंवारता चित्रावर) चौकोन काढण्यासाठी ते ऑडॅसिटीपेक्षा सोयीचे वाटते. त्याचा मोठा भाऊ रेव्हन प्रो विकत घ्यावा लागतो. गटाने काम करायचे असल्यास लेबल स्टुडिओ किंवा व्हॉम्बॅट ही मुक्त स्रोत साधने ब्राउझरमध्ये चालतात. मात्र ती बसवण्यातच नवख्याचा दिवस जातो, म्हणून पहिल्या संचासाठी त्यांच्या मागे लागू नये. बर्डनेट हे लेबलिंगचे नव्हे, तर ओळखण्याचे सॉफ्टवेअर आहे. कॉर्नेल आणि जर्मनीतील केम्निट्झ येथील तंत्रविद्यापीठ यांनी मिळून ते घडवले आहे. त्याचा उपयोग पुढे येईल.

नियम आधी, चौकोन नंतर

या कामातील बहुतेक घोळ सॉफ्टवेअरमुळे होत नाहीत. काय लेबल करायचे आणि काय सोडायचे, हे आधी ठरवलेले नसल्यामुळे होतात. एखाद्या मिनिटात आपण कुटुरग्याला लेबल लावले आणि त्याच वेळी मागे गाणाऱ्या दयाळाला कंटाळून सोडून दिले, तर मॉडेलच्या दृष्टीने तेथे दयाळ नाहीच. पुढे तेच मॉडेल दयाळाचा आवाज ऐकूनही गप्प बसू लागते, आणि चूक कोठे झाली ते कोणाला सापडत नाही. म्हणून दोनपैकी एक पद्धत निवडून ती शेवटपर्यंत पाळावी. पहिल्या पद्धतीत निवडलेल्या प्रत्येक मिनिटातील ओळखता येणारा प्रत्येक आवाज नोंदवायचा आणि न ओळखता येणाऱ्याला ‘अनोळखी’ म्हणायचे. दुसऱ्या पद्धतीत ठरावीक प्रजातींचीच यादी करायची, आणि ‘या संचात फक्त या पाच प्रजाती तपासल्या आहेत’ असे सोबतच्या टिपणात स्पष्ट लिहायचे. नवख्याने दुसरी पद्धत घ्यावी, असे माझे मत आहे. पहिली अधिक मौल्यवान आहे हे खरे. पण ती निष्ठेने पार पाडायला बरीच वर्षे रानात काढलेला कान लागतो.

नावांचाही नियम हवा. ऑडॅसिटीत देवनागरी लेबल चालते, पण तीच फाइल पुढे स्प्रेडशीटमध्ये उघडली की अक्षरांची जागा कित्येकदा चौकटी आणि प्रश्नचिन्हे घेतात. शिवाय एकाच पक्ष्याचे नाव कोकणात एक आणि घाटावर दुसरे असते. त्यामुळे रोमन लिपीत शास्त्रीय नाव, किंवा ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर प्रत्येक प्रजातीला दिलेले छोटे सांकेतिक नाव वापरावे, आणि मराठी नावांचा तक्ता वेगळा ठेवावा. एकच लेबल एकदा मोठ्या आणि एकदा लहान अक्षराने लिहिले, किंवा शेवटी चुकून एक मोकळी जागा राहिली, तरी संगणक त्या दोन वेगळ्या प्रजाती समजतो.

उरलेले नियम आवाजाच्या घडणीवर ठरतात. तांबट मिनिटभर ठोका धरून ‘टुक टुक’ करतो. प्रत्येक ठोक्याला वेगळे लेबल लावण्यात अर्थ नाही, तेव्हा ठोके थांबून ठरावीक सेकंदांचा खंड पडेपर्यंतची सगळी मालिका एका लेबलात घ्यावी. पावशाचे ‘पेरते व्हा’ हळू सुरू होऊन चढत जाते, त्यामुळे दोन माणसे त्याची सुरुवात दोन ठिकाणी धरतात; स्पेक्ट्रोग्रामवर पहिली रेघ दिसेल तेथून लेबल सुरू करायचे, असे ठरवले की वाद मिटतो. भृंगराज हा कोतवालाच्या कुळातला पक्षी दुसऱ्या पक्ष्यांच्या आवाजाच्या हुबेहूब नकला करतो. तेथे ज्याची नक्कल झाली त्याचे नव्हे, तर ज्याने आवाज काढला त्याचे नाव द्यावे. कोणी काढला हे निश्चित सांगता येत नसेल, तर ‘संदिग्ध’ लिहून तो तुकडा शिकवणीत वापरू नये.

मिनिटे निवडणे

एका सकाळचे सलग दोन तास लेबल करू नयेत. त्यातून मॉडेल त्या झाडावरचा तो एकच पक्षी शिकते. वेगवेगळ्या जागा, वेगवेगळ्या तारखा आणि दिवसाच्या वेगवेगळ्या वेळा यांतून एकेक मिनिट यादृच्छिकपणे उचलावे, आणि त्यात पावसाची, वाऱ्याची व ज्यात काहीच नाही अशी मिनिटेही राहू द्यावीत. दाट पहाटेचे एक मिनिट नीट लेबल करायला त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो, तेव्हा थोडकी पण विखुरलेली मिनिटे घेणे शहाणपणाचे ठरते.

ऑडॅसिटीत प्रत्यक्ष लेबलिंग

फाइल उघडल्यावर आवाजाची निळी लाट दिसते. तिचा येथे फारसा उपयोग नाही. पट्टीच्या डाव्या बाजूला असलेल्या तिच्या मेनूतून ‘स्पेक्ट्रोग्राम’ निवडावा. आता आडवी बाजू वेळ दाखवते, उभी बाजू आवाजाची वारंवारता दाखवते आणि रंगाचा उजळपणा आवाजाचा जोर दाखवतो. त्याच मेनूतून स्पेक्ट्रोग्रामच्या सेटिंगमध्ये जाऊन स्केल ‘लिनियर’ करावे, वरची मर्यादा १२,००० हर्ट्‌झ ठेवावी (सह्याद्रीतील बहुतेक पक्षी तेवढ्यात मावतात) आणि ‘विंडो साइझ’ १०२४ घ्यावा. ४८ किलोहर्ट्‌झच्या फाइलमध्ये १०२४ म्हणजे सुमारे २१ मिलिसेकंदांची खिडकी. ती मोठी केली की वारंवारता बारकाईने दिसते, पण झटपट येणारे ठोके एकमेकांत मिसळतात. लहान केली की ठोके सुटे दिसतात, पण शिळेची रेघ जाड होते. शीळ घालणाऱ्या पक्ष्यांसाठी १०२४ आणि टकटक करणाऱ्या बेडकांसाठी ५१२, एवढे सुरुवातीला पुरते. याच ठिकाणी ‘स्पेक्ट्रल सिलेक्शन’ चालू केले, म्हणजे माऊसने वेळेबरोबर वारंवारतेचाही पट्टा निवडता येतो.

एक उदाहरण घेऊ. आंबोलीच्या जूनमधील पहाटेचे एक मिनिट समोर आहे असे समजा. तळाशी, साधारण ५०० हर्ट्‌झच्या खाली, वाऱ्याचा आणि पाण्याचा धूसर पट्टा आहे. वरच्या भागात किड्यांची एक आडवी, न तुटणारी रेघ सबंध मिनिटभर आहे. या दोन्हींच्या मध्ये पाचव्या सेकंदापासून १ किलोहर्ट्‌झच्या आसपास एकसारख्या छोट्या खुणांची रांग सुरू होते, हा कुटुरगा. बाराव्या सेकंदाला तशीच पण अंधूक दुसरी रांग तिच्यात मिसळते, म्हणजे दूरवरून दुसरा कुटुरगा उत्तर देत आहे. त्यांच्या वरून लांबट, वर-खाली झुकणाऱ्या रेघा जातात. ती शीळकरी कस्तुराची शीळ. अधूनमधून पडणाऱ्या, तळापासून टोकापर्यंतच्या बारीक उभ्या रेघा म्हणजे यंत्राच्या डबीवर पडणारे थेंब.

कुटुरग्याची रांग माऊसने ओढून निवडावी, कंट्रोल आणि बी ही बटणे एकत्र दाबावीत (मॅकवर कमांड आणि बी), लेबल टाइप करावे आणि एंटर दाबावा. खाली लेबलांची वेगळी पट्टी तयार होते. दुसरा, अंधूक कुटुरगा त्याच लेबलात जाऊ शकतो, कारण मॉडेलला पक्षी मोजायला नव्हे, तर ओळखायला शिकवायचे आहे. मात्र तो एकटाच ऐकू येतो त्या भागालाही लेबल लावावे, कारण जंगलात मॉडेलला बहुतेक वेळा असाच अंधूक पक्षी ऐकू येणार आहे. कस्तुराचे लेबल कुटुरग्याच्या लेबलावर चढले तरी हरकत नाही. ऐकता ऐकता खूण करायची असल्यास कंट्रोल आणि एम दाबावे, नंतर टोके ओढून नीट करावीत. लेबलाचा रकाना उघडा असताना स्पेसबार दाबला, तर आवाज सुरू होत नाही, लेबलातच मोकळी जागा उमटते. वर सांगितलेल्या जास्तीच्या मोकळ्या जागा बहुधा येथूनच येतात.

मिनिट संपले की फाइल मेनूतील निर्यातीच्या पर्यायांतून लेबले बाहेर काढावीत. मिळणाऱ्या मजकूर फाइलमध्ये प्रत्येक ओळीत सुरुवातीचा सेकंद, शेवटचा सेकंद आणि लेबल टॅबने वेगळे केलेले असते: ५.०००००० नंतर ३१.५००००० आणि मग नाव. वारंवारतेचा पट्टाही निवडला असेल, तर लगेच खालच्या ओळीत उलट्या तिरप्या रेघेपुढे ८०० आणि १५०० असे खालचे व वरचे हर्ट्‌झ येतात. या मजकूर फाइलला मूळ ध्वनिफाइलचेच नाव द्यावे. केवळ ऑडॅसिटीचा प्रकल्प जतन करून समाधान मानू नये; त्यात सगळा आवाज पुन्हा साठवला जातो, आणि लेबले दुसऱ्या सॉफ्टवेअरला वाचता येत नाहीत.

बेडकांसाठी थोडे वेगळे

पावसाळ्यातील रात्रीची ध्वनिमुद्रणे पक्ष्यांपेक्षा अवघड असतात. आंबोलीच्याच नावाने ओळखला जाणारा झुडपी बेडूक (स्यूडोफिलॉटस आंबोली) आणि त्याचे भाईबंद एकदा सुरू झाले, की एकेका बेडकाभोवती चौकोन काढणे अशक्य होते. तेथे पूर्ण मिनिटाला लेबल लावून सोबत जोराचा आकडा द्यावा: १ म्हणजे सुटे आवाज मोजता येतात, २ म्हणजे काही एकमेकांवर चढतात, ३ म्हणजे अखंड कोलाहल. उत्तर अमेरिकेत बेडकांच्या आवाजांची पाहणी अशाच मोजपट्टीने होत आली आहे. वेळेच्या सीमा नसलेल्या अशा लेबलाला दुबळे लेबल म्हणतात, आणि सुरुवात-शेवट दिलेल्याला सबळ. दोन्ही उपयोगी आहेत, फक्त एकाच रकान्यात मिसळू नयेत. वटवाघळांचा प्रांत निराळाच आहे. त्यांचे आवाज ४८ किलोहर्ट्‌झच्या फाइलमध्ये बहुतांशी उमटतच नाहीत. त्यासाठी यंत्राचा दर १९२ किंवा ३८४ किलोहर्ट्‌झ ठेवावा लागतो.

बर्डनेटकडून हलके काम करून घेणे

दुर्मीळ पक्षी यादृच्छिक मिनिटांत सापडतच नाही. तेथे बर्डनेट-अ‍ॅनालायझर कामी येते. त्याला फोल्डर, जागेचे अक्षांश-रेखांश आणि वर्षातील आठवडा द्यावा. आठवड्याचा आकडा १ ते ४८ असतो, कारण ते प्रत्येक महिन्याचे चारच आठवडे धरते. ते फाइल तीन-तीन सेकंदांच्या तुकड्यांत ऐकते, प्रत्येक अंदाजाला ० ते १ मधला गुण देते, आणि निकाल ऑडॅसिटीच्या किंवा रेव्हनच्या लेबलांच्या रूपात देऊ शकते. ०.९ हा गुण म्हणजे दहात नऊ वेळा बरोबर, असा अर्थ अजिबात घेऊ नये. एका प्रजातीसाठी ०.३ लाही विश्वास ठेवण्यासारखा असतो, तर दुसरीसाठी ०.८ लाही नसतो. म्हणून प्रत्येक प्रजातीचे चढ्या, मधल्या आणि कमी अशा सगळ्या गुणांचे तुकडे काढून ऐकावेत, बरोबर आणि चूक अशा दोन फोल्डरांत विभागावेत. सॉफ्टवेअरच्या ‘रिव्ह्यू’ या भागात हे एकेक बटण दाबून करता येते.

चूक निघालेले तुकडे फेकून देऊ नयेत. ज्या खारीला सॉफ्टवेअर पक्षी समजले, तिचा तुकडा शिकवणीसाठी शंभर सोप्या तुकड्यांपेक्षा मोलाचा असतो. मात्र संपूर्ण संच केवळ बर्डनेटने सुचवलेल्या तुकड्यांचा करू नये, कारण त्याने न ऐकलेले आवाज मग त्यात कधीच येणार नाहीत. यादृच्छिक मिनिटे त्यासाठीच ठेवायची असतात.

तुकडे, फोल्डर आणि परीक्षा

ऑडॅसिटीत लेबलांनुसार अनेक फायली एकदम निर्यात करण्याची सोय आहे. त्याने प्रत्येक लेबलाचा वेगळा तुकडा मिळतो. बर्डनेटच्याच ‘ट्रेन’ या भागात स्वतःचे मॉडेल शिकवायचे असल्यास प्रत्येक प्रजातीचा एक फोल्डर करावा आणि त्याला शास्त्रीय नाव, अधोरेखा (_), सामान्य नाव असे नाव द्यावे. ‘नॉइझ’ किंवा ‘बॅकग्राउंड’ नावाच्या फोल्डरमध्ये पाऊस, वारा, रातकिडे आणि दूरच्या घाटातली वाहने टाकावीत. त्याला सॉफ्टवेअर प्रजाती समजत नाही. तुकडा तीन सेकंदांहून लांब असेल, तर वेगळा पर्याय निवडल्याशिवाय त्याचा मधलाच भाग घेतला जातो. आठ सेकंदांच्या तुकड्यात पक्षी सुरुवातीलाच ओरडून गप्प झाला असेल, तर मॉडेल त्याच्या नावाने शांतता शिकते. असे तुकडे आधीच आखूड करावेत.

परीक्षेसाठी काही लेबले बाजूला ठेवताना तुकड्यांची सरमिसळ करून वाटणी करू नये. एकाच पहाटेचे दोन तुकडे, त्यातला एक शिकवणीत आणि एक परीक्षेत, असे झाले की मॉडेल त्या जागेच्या किड्यांची रेघ ओळखूनही उत्तीर्ण होते. एक किंवा दोन जागा पूर्णपणे परीक्षेसाठी राखून ठेवाव्यात. परीक्षेच्या मिनिटांना दोन माणसांनी एकमेकांचे न पाहता लेबले लावावीत, आणि जेथे मतभेद होतील ती मिनिटे एकत्र बसून ऐकावीत. नियमांच्या टिपणातील बऱ्याच ओळी अशा बैठकांतूनच लिहिल्या जातात.

संच दुसऱ्या कोणाला देण्याआधी त्यासोबत एक पानभर टिपण ठेवावे. त्यात यंत्र, ध्वनिमुद्रणाचा दर, वेळ भारतीय आहे की जागतिक, तपासलेल्या प्रजातींची यादी, ‘अनोळखी’ व ‘संदिग्ध’ यांचा अर्थ आणि लेबले कोणत्या नियमांनी लावली ते असावे. झेनो-कँटोवरचे आवाज मिसळले असतील, तर प्रत्येक ध्वनिमुद्रणाचा क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना तपासून मुद्रण करणाऱ्याचे श्रेय नोंदवावे. बर्डनेटची मॉडेले व्यावसायिक वापरासाठी खुली नाहीत, याचीही नोंद घ्यावी. घुबडांसारख्या पक्ष्यांच्या घरट्यांची किंवा दुर्मीळ बेडकांच्या जागांची नेमकी स्थाननिश्चिती मात्र संचातून काढून टाकावी आणि फक्त तालुका लिहावा.